चार गोल मारूनही गुण जेमतेम ऐंशी: फूटीच्या फँटसीत ‘स्मॉल फॉरवर्ड’ घ्यावा का?

दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑस्ट्रेलियन फूटीचा हंगाम तोंडावर आला की मेलबर्न, अॅडलेड, पर्थच्या ऑफिसांत फँटसी लीगचं वारं शिरतं. तिकडे नव्याने गेलेल्या मराठी मंडळींनाही सहकारी हौसेने त्यात ओढतात. खेळ अजून धड कळलेला नसतो, पण यूट्यूबवर दोन-चार क्लिप्स पाहून झालेल्या असतात. एक बुटका, चपळ गडी सीमारेषेला खेटून, जिथून गोलचे खांब धड दिसतही नाहीत अशा कोनातून चेंडू वळवतो, गोल करतो आणि प्रेक्षक स्टेडियम डोक्यावर घेतात. साहजिकच तोच गडी, म्हणजे ‘स्मॉल फॉरवर्ड’, आपल्या संघात येतो. शनिवारी तो तीन गोल मारतो आणि सोमवारी तक्त्यात आपण तळाला. शेजारच्या टेबलावरच्याने असा एक बचावपटू घेतलेला असतो, ज्याचं नाव समालोचकाच्या तोंडी फारसं आलेलंच नाही. त्याचे गुण आपल्या हिरोच्या जवळपास दुप्पट.

यात नशिबाचा भाग आहे, पण तो थोडा. बाकी सगळी बेरीज आहे, आणि ती एकदा कळली की संघ निवडताना डोळे पुष्कळ उघडतात.

## आधी खेळ, अगदी थोडक्यात

ऑस्ट्रेलियन रूल्स, म्हणजे तिथली फूटी, लंबगोल मैदानावर खेळतात. प्रत्येक बाजूचे 18 खेळाडू मैदानात. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने चेंडू गेला तर गोल, त्याचे 6 गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर ‘बिहाइंड’, त्याचा 1 गुण. चेंडू पुढे न्यायचा तर लाथ मारायची किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा, त्याला हँडबॉल म्हणतात. फेकायची परवानगी नाही. निदान 15 मीटर आलेली किक कोणी हवेतच झेलली, तर तो ‘मार्क’. झेलणाऱ्याला कोणी हात लावायचा नाही आणि त्याने सावकाश पुढची किक मारायची. चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून अडवलं तर ‘टॅकल’.

खेळाडूंचे ढोबळ चार प्रकार: मागे बचावपटू, मध्ये मिडफिल्डर, पुढे फॉरवर्ड, आणि मध्यावर उडवलेल्या चेंडूसाठी उड्या मारणारा उंचच उंच ‘रक’. सर्वोच्च पातळीवरची स्पर्धा म्हणजे एएफएल, सध्या 18 क्लबांची. एवढं भांडवल पुरे.

## हा छोटा फॉरवर्ड करतो काय?

गोलसमोर दोन-तीन धिप्पाड फॉरवर्ड उभे असतात. मागून लांब, उंच किक येते. धिप्पाड फॉरवर्ड आणि त्याला चिकटलेले बचावपटू एकदम उडी मारतात. बहुतेक वेळा झेल कोणाच्याच हाती लागत नाही, कोणाचा तरी ठोसा बसून चेंडू खाली पडतो. हा चेंडू काही वाटोळा नसतो, अंडाकृती असतो, त्यामुळे टप्पा कुठे पडेल याचा भरवसा नाही. स्मॉल फॉरवर्डचा खरा खेळ इथून सुरू होतो. वरच्या झटापटीकडे त्याचं लक्षच नसतं. चेंडू कोणत्या बाजूला सांडणार याचा अंदाज घेऊन तो तीन पावलं आधीच सरकलेला असतो. वाकला, उचलला, अंगावर कोणी यायच्या आत डाव्या-उजव्या कोणत्याही पायाने लाथ. एवढं सगळं साधारण दोन सेकंदांत.

या कलेतला बिनतोड माणूस एडी बेट्स. कार्लटन, मग अॅडलेड, मग पुन्हा कार्लटन असा प्रवास, 350 सामने, 640 गोल. वर्षातल्या सर्वोत्तम गोलचा किताब त्याने चार वेळा मिळवला: 2006, 2015, 2016 आणि 2019. अॅडलेड ओव्हलच्या ज्या कोपऱ्यातून तो असले गोल करायचा, तो कोपराच लोकांनी त्याच्या नावाने ओळखायला सुरुवात केली.

दुसरं उदाहरण ताजं आहे. 2023च्या अंतिम सामन्यात कॉलिंगवूडने ब्रिस्बेनला 90-86 असं हरवलं, म्हणजे फक्त चार गुणांनी. त्यात कॉलिंगवूडच्या बॉबी हिलचे चार गोल होते आणि सामनावीराचं नॉर्म स्मिथ पदक त्यालाच मिळालं. म्हणजे हे लोक सामने जिंकून देतात यात वाद नाही. (गंमत अशी की ‘क्लासिक’ फँटसीचा, म्हणजे बजेटमध्ये संघ बांधायच्या नेहमीच्या प्रकाराचा, हंगाम साखळी सामन्यांबरोबरच संपतो. हिलच्या त्या दुपारचा फँटसीत कोणालाच छदाम मिळाला नाही.)

## फँटसी मोजतं काय?

फँटसीत तुम्ही ठरलेल्या बजेटमध्ये खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ बांधता. त्या आठवड्यात ते मैदानात जे करतील, त्याचे गुण तुमच्या खात्यात. एएफएलच्या अधिकृत फँटसीतला दर असा: किकला 3, हँडबॉलला 2, मार्कला 3, टॅकलला 4, गोलला 6, बिहाइंडला 1, रकने उडी मारून चेंडू ढकलला तर 1. प्रतिस्पर्ध्याच्या चुकीमुळे फ्री किक मिळाली तर 1 आणि तुमच्या चुकीमुळे त्याला मिळाली तर उणे 3.

हा दर नीट वाचला की निम्मं कोडं सुटतं. विडी वळण्याची मजुरी हजारावर मिळते, तशी फँटसीची मजुरी नगावर आहे. किती वेळा चेंडूला हात-पाय लागला, ते मोजलं जातं. तो हात कुठे लागला, किती गर्दीत लागला, त्याने सामन्याचं काय झालं, हे दरपत्रकात नाही.

गोल मारला की किकचे 3 आणि गोलचे 6, मिळून 9. ऐकायला घसघशीत. पण मागच्या फळीतला बचावपटू आपल्याच सोबत्याकडून आलेली निवांत किक झेलतो, त्याचे 3. मग तशीच निवांत किक दुसऱ्या सोबत्याला देतो, त्याचे 3. झाले 6. फँटसी खेळणारे याला ‘प्लस सिक्स’ म्हणतात. अंगावर कोणी नाही, घाम नाही, टाळ्या नाहीत. असं दोनदा केलं की 12, म्हणजे एका गोलपेक्षा जास्त. आणि शांतपणे चेंडू फिरवणारा संघ असला की असं दोनदा नाही, दहादा होतं.

हिशेबासाठी तीन काल्पनिक खेळाडू घेऊ. मिडफिल्डर: 18 किक, 12 हँडबॉल, 5 मार्क, 6 टॅकल. गुण 54 + 24 + 15 + 24, म्हणजे 117. गोल एकही नाही. बचावपटू: 20 किक, 6 हँडबॉल, 10 मार्क, 2 टॅकल. 60 + 12 + 30 + 8, म्हणजे 110. आता आपला छोटा फॉरवर्ड, तोही ऐन फॉर्मात: 9 किक, 4 हँडबॉल, 3 मार्क, 3 टॅकल, 4 गोल, 1 बिहाइंड. 27 + 8 + 9 + 12 + 24 + 1. झाले 81. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो याचा असेल, गुण मात्र तिघांत सर्वांत कमी.

आणि हा त्याचा चांगला दिवस. वाईट दिवशी 5 किक, 3 हँडबॉल, 1 मार्क, 2 टॅकल, 1 गोल आणि एक फ्री किक विरोधात: 35. मिडफिल्डरचा वाईट दिवस सहसा इतका खाली जात नाही, कारण चेंडू जिथे असतो तिथे तो धावत जातो. फॉरवर्डला चेंडू आपल्याकडे येण्याची वाट पाहावी लागते. मधली फळी त्या दिवशी हरली तर तो उपाशी.

## ‘पण दर सामन्यात चार गोल मारले तर?’

मारत नाही कोणी. बेट्सचे 640 गोल 350 सामन्यांत विभागले तर सामन्यामागे दोनही भरत नाहीत, 1.83 येतात. सेंट किल्डाच्या स्टीफन मिल्नने 275 सामन्यांत 574 गोल केले, तो दोनच्या जरासा वर. ही या जातीच्या खेळाडूंची शिखरं आहेत.

बेट्सच्या सरासरीला आजचा दर लावला तर गोलांतून, त्यांच्या किकसकट, सामन्यामागे साधारण साडेसोळा गुण. फँटसीत शंभरी हा चांगल्या खेळाडूचा मापदंड मानतात. म्हणजे उरलेले साडेत्र्याऐंशी गुण त्याने साध्या किक, हँडबॉल, मार्क, टॅकलमधून आणायचे. त्यासाठी चेंडूला पंचवीस-तीस वेळा हात लागायला हवा, आणि गोलच्या आसपास राहणाऱ्या माणसाला तितके वेळा चेंडू मिळतच नाही.

थोडक्यात, स्मॉल फॉरवर्डचे फँटसी गुण गोलांवर ठरतच नाहीत. गोल नसतानाच्या शंभर-सव्वाशे मिनिटांत तो काय करतो, यावर ठरतात. संघ निवडताना ‘मागच्या वर्षी किती गोल मारले’ हा आकडा बघायचा सोडून दिला तरी फारसं बिघडत नाही.

## ‘टॅकलचे तर चार गुण आहेत की!’

हा आक्षेप चांगला आहे. आजचा छोटा फॉरवर्ड फक्त गोल मारणारा नाही, तो पहिला बचावपटूही आहे. रिचमंडने 2017 मध्ये 37 वर्षांनी विजेतेपद मिळवलं, तेव्हा पुढच्या फळीत जॅक रिवोल्ट हा एकच मोठा उंच फॉरवर्ड होता. त्याच्या अवतीभवती डॅन बटलर, जेसन कास्टान्या, डॅनियल रिओली असे पळणारे. चेंडू हरला तरी प्रतिस्पर्ध्याला तो सुखाने बाहेर काढू द्यायचा नाही, हे त्यांचं काम. ते जमलं, आणि मग बाकीचे क्लबही त्याच वाटेने गेले.

तेव्हा टॅकलमधून गुण मिळतात हे खरं. आठवड्याला सहा-सात टॅकल करणारा छोटा फॉरवर्ड सापडला तर नक्की विचार करा, कारण टॅकल ही मेहनतीची गोष्ट आहे आणि गोलपेक्षा तिच्यात सातत्य जास्त असतं. पण दबाव म्हणजे टॅकल नव्हे. तो वीस मीटर जीव खाऊन पळतो, बचावपटू घाबरून चेंडू भलतीकडे मारतो, तिथे सोबती झेलतो आणि गोल होतो. प्रशिक्षक व्हिडिओ लावून त्या धावेचं कौतुक करेल. फँटसीत तिचे गुण शून्य, कारण हात लागला नाही. उलट घाईत मानेवर किंवा पाठीवर हात पडला तर फ्री किक विरोधात, उणे 3. दबाव टाकणाऱ्यांना हा दंड जास्त वेळा बसतो.

## मग फॉरवर्डच्या जागा भरायच्या कशा?

भराव्या तर लागतातच. क्लासिक प्रकारात दर आठवड्याला 22 जण गुण मिळवायला मैदानात असतात: 6 बचावपटू, 8 मिडफिल्डर, 2 रक, 6 फॉरवर्ड. सगळे मिडफिल्डर घेऊन मोकळं होता येत नाही. इथेच खरी मेख आहे.

खेळाडूला फँटसीत कोणत्या खान्यात टाकायचं, हे त्याने मागच्या हंगामात मैदानात कुठे वेळ काढला यावरून ठरतं. काहींना दोन खाने मिळतात, उदाहरणार्थ मिडफिल्डर आणि फॉरवर्ड. याला ‘डीपीपी’ म्हणतात. आता समजा, एक खेळाडू मागच्या वर्षी बराचसा पुढे खेळला, म्हणून त्याच्या नावापुढे फॉरवर्ड लागलं. यंदा प्रशिक्षकाने त्याला मधल्या फळीत आणलं. खाना मात्र तोच राहिला. म्हणजे तुम्ही जागा फॉरवर्डची भरली आणि गुण मिडफिल्डरचे घेतले. 2023च्या हंगामात टिम टॅरंटो आणि जॉश डंकली फॉरवर्ड म्हणून घेता येत होते. दोघेही त्याच वर्षी नव्या क्लबांत गेले होते आणि मैदानात मिडफिल्डरचंच काम करत होते. त्यांना वगळून खेळणारे मागे पडले यात नवल नाही.

छोट्या फॉरवर्डच्या बाबतीतही हाच दरवाजा महत्त्वाचा. मेलबर्नचा कायसाया पिकेट मूळचा अस्सल स्मॉल फॉरवर्ड, पण 2025 मध्ये तो मधल्या फळीत बराच वेळ दिसला. उलट प्रवासही होतो. जीडब्ल्यूएस (ग्रेटर वेस्टर्न सिडनी) क्लबचा टोबी ग्रीन 2012 मध्ये पदार्पणाच्या हंगामातच मधल्या फळीत ढिगाने चेंडू मिळवत होता. पुढे तो फॉरवर्ड झाला आणि या स्पर्धेतल्या सर्वांत घातक फॉरवर्डांपैकी एक ठरला. क्लबच्या दृष्टीने सोनं झालं. फँटसीवाल्यांच्या दृष्टीने आकडा घसरला. माणूस तोच, पाय तेच, फक्त उभं राहायची जागा बदलली.

म्हणून नाव विकत घेऊ नका, काम विकत घ्या. स्मॉल फॉरवर्डच्या बाबतीत याहून मोठा सल्ला माझ्याकडे नाही.

## काम बदललंय हे कळणार कसं?

दर क्वार्टरच्या सुरुवातीला आणि दर गोलनंतर चेंडू मैदानाच्या मध्यातून पुन्हा खेळात येतो. तेव्हा मधल्या चौकोनात प्रत्येक संघाचे चारच जण असतात: एक रक आणि तीन मिडफिल्डर. 2019 पासून नियमच आहे की त्या क्षणी प्रत्येक संघाचे सहा जण पुढच्या भागात, सहा मागच्या भागात आणि सहा मध्ये, त्यातले दोन बाजूच्या पंखांवर. सामन्यात असे प्रसंग पंचवीस-तीस येतात. त्यातल्या किती वेळा एखादा खेळाडू त्या चौघांत होता, हा आकडा म्हणजे ‘सीबीए’. फँटसीची मंडळी हंगामाआधीच्या सराव सामन्यांत गोल बघत नाहीत, हाच आकडा बघतात.

छोटा फॉरवर्ड चौकोनात दहापैकी एखाद्या वेळी आला, तर तो प्रशिक्षकाचा लहरी प्रयोग समजा. निम्म्याहून जास्त वेळा आला तर कान टवकारा. पण एक खाचही लक्षात ठेवा. सराव सामन्यात मुख्य मिडफिल्डर दुखापतीमुळे बसलेले असतात किंवा त्यांना मुद्दाम थोडाच वेळ खेळवतात. त्यांच्या जागी उभा राहिलेला फॉरवर्ड पहिल्या फेरीला गुपचूप आपल्या कोपऱ्यात परततो. दर वर्षी हा सापळा लागतो आणि दर वर्षी लोक त्यात अडकतात. मार्चमधल्या बातम्यांत ‘यंदा तो मिडफिल्डमध्ये जास्त दिसेल’ हे वाक्य निदान अर्ध्या डझन फॉरवर्डांबद्दल छापून येतं, आणि मेपर्यंत त्यातला एखाददुसराच खरंच तिथे टिकलेला असतो. प्रशिक्षक हे वाक्य खोटेपणाने बोलत नाहीत. पुढे गोल मारणारं दुसरं कोणी सापडत नाही म्हणून त्यांना तो परत पुढे लागतो, एवढंच.

पावसाचंही थोडं सांगतो. ओल्या चेंडूवर झेल सुटतात, चेंडू जमिनीवर राहतो, टॅकल वाढतात. छोट्या फॉरवर्डला हे मानवतं. पण त्याच वेळी निवांत मार्क कमी होतात, म्हणून फटका बचावपटूंना बसतो. मेलबर्नच्या छताखालच्या डॉकलंड्स स्टेडियमवर हा प्रश्न येत नाही.

## स्वस्तात मिळाला तर?

इथे माझं मत जरा मवाळ आहे. फँटसीत खेळाडूची सुरुवातीची किंमत त्याच्या आधीच्या सरासरीवरून ठरते. सरासरी वर गेली की किंमत चढते, खाली आली की उतरते. किंमत आहे तिथे टिकवायला त्याला पुढच्या सामन्यात जितके गुण लागतील, त्याला ‘ब्रेकइव्हन’ म्हणतात. त्याहून जास्त केले तर भाव वाढतो.

पहिल्यांदाच खेळणारा पोरगा अगदी तळाच्या भावात मिळतो. त्याने आठवड्याला पन्नास-साठ गुण केले तरी सहा-सात आठवड्यांत भाव भरपूर चढतो. मग त्याला विकून त्या पैशांत मोठा मिडफिल्डर घ्यायचा. अशा नवख्याला तिकडे ‘कॅश काऊ’ म्हणतात. अधिकृत फँटसीत आठवड्याला दोन बदल करता येतात, त्यामुळे ही उलाढाल सगळे करतात.

छोटा फॉरवर्ड या कामाला चालतो, कारण इथे शंभरी नकोच असते. पण दोन गोष्टी तपासा. एक, तो एएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू उचलतात त्यात, वरच्या क्रमांकावर निवडला गेला असेल तर सुरुवातीलाच महाग असतो. हॉथॉर्नचा निक वॉटसन 2023च्या ड्राफ्टमध्ये पाचवा निवडला गेला, अशा मुलांची किंमत शेवटी निवडलेल्या पोरापेक्षा बरीच जास्त असते आणि नफ्याला जागा कमी. दोन, त्याची संघातली जागा पक्की आहे का? छोट्या फॉरवर्डांना प्रशिक्षक फार लवकर बसवतात. दोन सामने गोल नाही, दबाव नाही, की तिसऱ्या आठवड्यात दुसरा पोरगा. बसवलेल्या खेळाडूचा भाव चढत नाही आणि तुमचे पैसे अडकून पडतात.

महागडा, मुरलेला छोटा फॉरवर्ड मात्र या दोन्ही दगडांच्या मध्ये सापडतो. ब्रिस्बेनचा चार्ली कॅमेरॉन किंवा सिडनीचा टॉम पॅपली बघायला तिकीट काढून जावं, असे खेळाडू आहेत. पण त्यांच्या किमतीत नफा कमवायला वाव नाही आणि आठवड्याआड शंभरी देण्याची खात्रीही नाही. कर्णधाराचे गुण दुप्पट होतात म्हणून कोणी त्यांना कर्णधार करतं, तेव्हा मात्र हसावं की रडावं कळत नाही.

## ‘सुपरकोच’मध्ये न्याय मिळतो?

थोडा मिळतो. सुपरकोच हा दुसरा लोकप्रिय फँटसी खेळ. त्यात नुसते नग मोजत नाहीत, दर्जाही बघतात. चॅम्पियन डेटा ही एएफएलची आकडेवारी ठेवणारी कंपनी प्रत्येक कृतीला वजन देते: किक सोबत्यापर्यंत पोहोचली का, चेंडू गर्दीतून काढला का, झेल दोघांच्या झटापटीत घेतला का. प्रत्येक सामन्यात दोन्ही संघांचे मिळून 3300 गुण वाटले जातात आणि सामना अटीतटीचा असताना केलेल्या कामाला जास्त वजन मिळतं. शेवटच्या दोन मिनिटांत सीमारेषेवरून मारलेला विजयी गोल इथे खरोखर मोलाचा ठरतो.

तरीही गणिताचा पाया तोच राहतो. चेंडू आठ-दहा वेळाच मिळाला तर दर्जाने किती भरून काढणार? सुपरकोचमध्ये छोट्या फॉरवर्डची उंच उडी आणखी उंच जाते, पण पडझडही होतेच.

## आणि हा जुगार तर नाही ना?

भारतातून आलेल्याला हा प्रश्न पडणं स्वाभाविक आहे. ड्रीम11मुळे फँटसी म्हटलं की पैसे लावणं, असंच समीकरण आपल्या डोक्यात बसलं होतं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली, ड्रीम11ने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या आणि भारतीय संघाच्या जर्सीवरूनही तिचं नाव गेलं. एएफएलची अधिकृत फँटसी फुकट खेळता येते. पूर्ण हंगामभर एकच संघ सांभाळायचा असतो, रोज नवा डाव नाही. ऑस्ट्रेलियात फूटीवर सट्टाही कायदेशीरपणे चालतो आणि प्रक्षेपणात त्याच्या जाहिराती भरपूर असतात, पण ते दुकान वेगळं. ऑफिसातल्या लीगमध्ये हरणाऱ्याने सगळ्यांना कॉफी पाजायची, इतपतच प्रकार बहुतेक ठिकाणी असतो.

## मित्रांच्या ड्राफ्ट लीगमध्ये मात्र गणित फिरतं

आतापर्यंतचं सगळं क्लासिक प्रकाराबद्दल, जिथे एकच खेळाडू हजारो लोकांच्या संघात असू शकतो. फँटसीच्या ड्राफ्ट प्रकारात तसं नसतं. आठ-दहा जण एकत्र बसून पाळीपाळीने खेळाडू उचलतात आणि एक खेळाडू एकाच्याच संघात. किंमत नाही, बजेट नाही.

इथे टंचाई हा मुद्दा येतो. फॉरवर्डच्या खान्यात खरे मिडफिल्डर मूठभरच, ते पहिल्या चार-पाच फेऱ्यांत संपतात. दहा जणांच्या लीगमध्ये प्रत्येकाने नुसते पाच फॉरवर्ड धरले तरी पन्नास लागतात. तेव्हा विसाव्या-पंचविसाव्या फॉरवर्डनंतर उंच गोल मारणारे आणि छोटे फॉरवर्ड एवढेच शिल्लक राहतात. अशा वेळी टॅकल करणारा, मधूनमधून चौकोनात डोकावणारा, संघातली जागा पक्की असलेला छोटा फॉरवर्ड बाराव्या-तेराव्या फेरीला मिळाला तर आनंदाने घ्यावा. तिथे त्याची स्पर्धा 117 गुणांच्या मिडफिल्डरशी नसते, 55 गुणांच्या दुसऱ्या फॉरवर्डशी असते.

ड्राफ्टमध्ये दर आठवड्याला एकाच मित्राशी गाठ असते, हेही त्याच्या पथ्यावर पडतं. समोरचा संघ तगडा असेल आणि तुम्ही सरळ मार्गाने हरणारच असाल, तर खालीवर होणारा खेळाडू उतरवण्यात शहाणपणा आहे; त्याचे 35 आले तर तसेही हरलाच होता, 95 आले तर सोमवारची कॉफी समोरच्याच्या खिशातून. समोरचा संघ दुबळा असेल तर त्याला बाकावर बसवा आणि आठवड्याला न चुकता सत्तर गुण देणारा कंटाळवाणा बचावपटू घ्या, त्या खान्यात बसत असेल तर. क्लब आपापले संघ सामन्याआधी जाहीर करतात. तुमच्या छोट्या फॉरवर्डचं नाव त्यात आहे का, एवढं बघायला विसरू नका.